विझलेल्या दिव्याची नोंद

१

कागद टाईप होऊन आला होता. फक्त सही बाकी होती.

तीनच ओळी. 'सर्व्हिसिंगच्या वेळी व्हॅन नंबर चारचा क्रँककेस व्हेंटिलेशनचा पाईप माझ्या हातून नीट बसवला गेला नाही. त्यामुळे तेल जाऊन इंजिन जाम झालं. चूक सर्वस्वी माझी आहे.' खाली तिचं पूर्ण नाव आणि सहीपुरती जागा.

ते पूर्ण नाव तिला स्वतःलाच परकं वाटलं. हॉस्पिटलच्या गॅरेजात तिला नावाने हाक मारतंय कोण? दहा नंबरचा पाना प्रत्येक गॅरेजात हरवतो, जणू हरवायलाच जन्माला येतो. पण हिचा चौदा वर्षांत एकदाही हरवला नव्हता. कायम वरच्या खिशात. म्हणून ती दहानंबर. ड्रायव्हरपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची दहानंबर.

"चार वाजेपर्यंत वेळ आहे," मॅडम म्हणाल्या. हॉस्पिटलचा सगळा कारभार त्यांच्याकडे. "सही केलीत तर नोकरी जाईल, पण पोलिसांत तक्रार जाणार नाही. नाही केलीत तर दोन्ही होईल. काल उड्डाणपुलावर आजी चाळीस मिनिटं अडकल्या होत्या. डायलिसिसला निघालेलं माणूस. त्या वाचल्या हे आपलं नशीब."

"पाईप मी बसवला होता."

"गाडीचा कॉम्प्युटर तसं म्हणत नाही." मॅडमनी दुसरा कागद पुढे सरकवला. बाहेरून बोलावलेल्या माणसाने सकाळी कोड वाचून दिला होता. पी शून्य चार डी बी. क्रँककेस व्हेंटिलेशन सुटलेलं आहे. "आता यावर काय म्हणणार?"

दहानंबर काही म्हणणार, तेवढ्यात तिच्या पाठीमागून एक ओळखीचा आवाज आला. वस्ताद. गॅरेजचे फोरमन. पाना कसा धरायचा इथपासून सगळं ज्यांनी तिला शिकवलं ते वस्ताद. महिनाअखेरीला निवृत्त होणार होते, त्यांच्या निरोप समारंभाचा हॉलसुद्धा ठरला होता.

"सही कर, पोरी," ते हळूच म्हणाले. "माणूस आहे, चुकतो. मी तुला दुसरीकडे लावून देतो. माझा शब्द."

दहानंबरने पेन उचललं, टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं.

"चार वाजायला अजून पाच तास आहेत," ती म्हणाली. "मला आधी गाडी बघायची आहे."

२

व्हॅन नंबर चार गॅरेजच्या टोकाच्या खड्ड्यावर उभी होती. काल संध्याकाळी ओढून आणली होती. दहानंबर खड्ड्यात उतरली आणि तिने वर बघितलं. इंजिनच्या मागच्या बाजूचं मोठं सील बाहेर फेकलं गेलं होतं. पोटापासून मागच्या चाकापर्यंत सगळं तेलाने माखलेलं.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, आणि ती काही अवघड नाही. इंजिनच्या पोटात सारखा वायू साठत असतो. त्याला बाहेर पडायला एक पाईप असतो, तो वायू परत इंजिनच्या तोंडाशी जाऊन जळतो. म्हणजे इंजिनची श्वासाची नळीच ती. नळी सुटली तर बाहेरची हवा आत शिरते, शिट्टी वाजते, इंजिन थरथरतं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. नळी बंद झाली तर मात्र गोष्ट वेगळी. वायू आत कोंडतो, दाब वाढतो आणि तो दाब जिथून वाट मिळेल तिथून तेलासकट बाहेर पडतो. सील फाडून.

दहानंबर वर आली. बॉनेट उघडलं. पाईप एका बाजूला लोंबत होता, वळणावर तडकलेला.

"बघितलंस?" वस्ताद मागेच उभे होते. "निसटला, आपटत राहिला, तडकला."

तिने पाईपवरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. कोरडी, भुरकट धूळ. आजूबाजूला सगळं इंजिन तेलाने चिकट झालेलं आणि पाईप कोरडा ठणठणीत.

"वस्ताद, कुकरची शिट्टी काढून ठेवली तर कुकर फुटतो का?"

"काय बोलतेस?"

"कोड म्हणतो नळी उघडी होती. सील म्हणतं नळी बंद होती. दोघं एकाच वेळी खरं कसं बोलतील?"

वस्ताद हसले. "मशीनच्या नादी लागू नकोस. मी कधी लागलो का? आणि आता अजून काय बघायचंय? कागदावर छापून आलंय सगळं."

"एकच पान छापून आलंय," ती म्हणाली आणि कपाटातून स्वतःचा स्कॅनर काढला. मॅडमच्या माणसाने कोडचं नाव वाचलं आणि पैसे घेऊन गेला होता. कोडच्या मागे अजून एक पान असतं, तिथे तो कधी नोंदला गेला ते लिहिलेलं असतं. तिने ते उघडलं.

सर्व्हिसिंग झालं तेव्हा गाडी चौऱ्याऐंशी हजार दोनशे दहा किलोमीटर चाललेली होती. आकडा तिच्याच हाताने जॉबकार्डावर लिहिलेला. कोड लागला चौऱ्याऐंशी हजार सहाशे अठराला. म्हणजे तिच्या सर्व्हिसिंगनंतर चारशे आठ किलोमीटर गाडी ठणठणीत चालली होती. सुटा पाईप इतका वेळ गप्प बसत नाही.

पण ती थांबली ती खालच्या ओळीवर. नोंदीपुढे लिहिलं होतं: जुनी. दिवा बंद.

कोड लागला, मग काही फेऱ्या मशीनला सगळं ठीक दिसलं, म्हणून दिवा आपोआप विझला. आणि पुढचे हजारभर किलोमीटर मशीनची काही तक्रारच नव्हती. सुटलेला पाईप काय स्वतःच्या पायाने चालत जाऊन परत बसला?

कोणीतरी पाईपच्या जागचं भोक बुजवलं होतं. आणि काल गाडी बंद पडल्यावर बूच काढून घेतलं होतं.

३

"तुझे आभार मानू की तुझ्याशी भांडू, तेच कळत नाहीये मला."

सिस्टर गॅरेजच्या दारात उभी होती. पेशंटना घरून आणायचं आणि परत सोडायचं, हे तिचं काम. चार नंबरवर ती गेली तीन वर्षं होती. तिच्या काखेत कुबड्यांची जोडी होती, व्हॅनमध्ये पेशंटसाठी ठेवलेली.

"आधी आजी कशा आहेत ते सांग," दहानंबर म्हणाली.

"आजी बऱ्या आहेत. ऑक्सिजन काढला. सकाळपासून घरी सोडा म्हणून डॉक्टरांचं डोकं खातायत. त्यांना चालवायला म्हणून मी या कुबड्या गाडीतून नेल्या, तर वॉर्डच्या फरशीवर सगळीकडे काळे डाग. मेट्रनने माझी बिनपाण्याने केली. टोकांना रबराचे बूट बसवलेस ते चांगलंच केलंस, पण जरा पुसून तरी बसवायचेस."

"मी नाही बसवले. आधी नव्हते का?"

"अगं, आठ दिवस नव्हते. एकदम दोन्ही गायब. एक पेशंट घसरता घसरता वाचला, तेव्हा मी टोकांना बँडेज गुंडाळलं. आज बघते तर बँडेज गेलेलं आणि बूट परत हजर. मला वाटलं तूच केलंस."

दहानंबरने कुबडी उलटी केली. रबराचा बूट हाताने सहज निघून आला. ढिला पडला होता, फुगला होता. नाकाशी नेला. जळकट, जुन्या इंजिन तेलाचा वास. काय म्हणून यावा तो कुबडीला?

ती तशीच व्हॅनकडे गेली आणि पाईप जिथे बसतो त्या तोंडावर बूट बसवून बघितला. इंजिनच्या बाजूचं तोंड एक, हवेच्या बाजूचं एक. दोन तोंडं, दोन बूट. मापात.

"बूट गेले कधी, आठवतं का तुला?"

"आठवायचं कशाला? लिहिलंय." सिस्टरने खिशातली वही काढली. प्रत्येक फेरीची वेळ आणि किलोमीटर तिच्या वहीत असत, कारण पेशंटचे नातेवाईक पाच मिनिटं उशीर झाला तरी हुज्जत घालत. "गेल्या आठवड्यातला मंगळवार. गाडीतून किटलीसारखी शिट्टी येत होती, पिवळा दिवा लागला होता. दहा वाजून वीस मिनिटांनी इथे आलो. चौऱ्याऐंशी हजार सहाशे एकोणीस. घरी सोडायचे तीन पेशंट होते, त्यांना मी परत आत वेटिंगमध्ये बसवलं. वीस मिनिटांत गाडी तयार होऊन आली. शिट्टी बंद."

"तयार कोणी केली?"

"ते मी नाही बघितलं. ड्रायव्हरकाकांना विचार."

४

ड्रायव्हरकाकांना सगळे भोंगा म्हणत. त्यांनी कानात सांगितलेली गोष्ट रस्त्यापलीकडे ऐकू जाई. आज मात्र त्यांचा आवाज घशातच बसला होता.

"दिवा? नाही बुवा. मला नाही आठवत."

"काका, सिस्टरच्या वहीत आहे."

"मग लागला असेल. मी गेटवर चावी दिली आणि चहाला गेलो. परत आलो तर गाडी उभी होती."

"चावी कोणाच्या हातात दिलीत?"

काकांनी फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेली काच पुसायला लागले. दहानंबर थांबली. तिच्याकडे वेळ नव्हता, पण काही माणसांकडून घाईने काही मिळत नाही.

"हे बघ," काका शेवटी म्हणाले, "माझी अजून सहा वर्षं नोकरी आहे. मला म्हणाले, दिव्याचं कुठे बोलू नकोस. दिवा लागलेली गाडी रस्त्यावर काढायची नाही असा मॅडमचा नियम. गाडी उभी राहिली असती तर पुढच्या फेरीत आणायच्या माणसांचं डायलिसिस चुकलं असतं. मी गप्प बसलो. त्यात माझं काय चुकलं?"

"कोण म्हणाले?"

"तुला नोकरी गमवायची असेल तर तू गमव. मला त्यात ओढू नकोस." ते पाठ फिरवून चालू लागले. चार पावलांवर थांबले. "काल गाडी ओढून आणली तेव्हा मी आजींबरोबर हॉस्पिटलात होतो. रात्री नऊपर्यंत. एवढं मात्र कोणालाही विचार."

म्हणजे बूट काढून परत कुबड्यांना बसवणारा माणूस काका नव्हते. सिस्टरही नव्हती, तीसुद्धा तिथेच होती. काल संध्याकाळी गॅरेजात असलेल्या माणसाचं काम होतं ते.

काल संध्याकाळी गॅरेजात दोनच माणसं होती. त्यातली एक ती स्वतः.

५

खिडकीच्या उजेडात तिने दोन्ही बूट पुसले आणि फिरवून बघितले.

रबरावर बारीक खाचा होत्या. क्लिपच्या नव्हेत, तारेच्या. तीन वेढे अगदी शेजारी शेजारी, आणि शेवटी एक टोचल्यासारखी खूण, जिथे तारेचं शेपूट आत वळवून दाबलं होतं. बाहेर राहिलेलं शेपूट पुढच्या माणसाचा हात फाडतं, म्हणून.

जगात क्लिपा निघून किती वर्षं झाली, पण वस्तादांच्या खिशात अजून तारेचं वेटोळं असे. सगळे त्यावरून त्यांची चेष्टा करत. तीन वेढे आणि शेपूट आत, ही त्यांची गाठ. ती त्यांनी एकाच माणसाला शिकवली होती.

चौदा वर्षांपूर्वी, बायका गॅरेजात कशाला म्हणून दोन ठिकाणांहून हाकललेल्या मुलीला वस्तादांनी विचारलं होतं, "हात काळे करायची तयारी आहे का?" आणि तारेचा तुकडा हातात दिला होता. बोटांतून रक्त आलं होतं त्या दिवशी. ही गाठ मॅडमच्या टेबलावर ठेवली तर मॅडम एवढंच विचारतील, तुम्हा दोघांपैकी कोण?

फोन वाजला. आई.

"सही करून टाक गं," आई म्हणाली. बातमी घरापर्यंत पोचली होती. "वस्तादांसारखा माणूस सांगतोय. दुसरी नोकरी मिळेल. पोलीस वगैरे आपल्या घराला झेपणार नाही."

"आई, नोकरी दुसरी मिळेल. हात दुसरे मिळणार नाहीत. ज्या हातांनी काम केलं त्यांनाच खोटं ठरवू?"

"तू लहानपणापासून अशीच."

"मग आता कशाला बदलू?" तिने फोन ठेवला. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग जास्त होता म्हणून बरं.

भिंतीवर रजांचा तक्ता लटकत होता. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. गेल्या आठवड्यातल्या मंगळवारवर तिने बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

६

चार वाजता मॅडमच्या खोलीत कागद तिथेच होता. खुर्च्यांवर वस्ताद, काका, सिस्टर. दहानंबर उभीच राहिली. तिने टेबलावर स्कॅनर, कुबड्या, सिस्टरची वही आणि रजांचा तक्ता ठेवला.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "का ते सांगते."

आणि तिने सांगितलं. कोड सर्व्हिसिंगनंतर चारशे आठ किलोमीटरांनी लागला. पाईप जुना होऊन कडक झाला होता, नवा मागवा असं तिने जॉबकार्डावर लिहिलं होतं. तो त्या मंगळवारी वळणावर तडकला. कोणीतरी तडकलेला पाईप काढून गॅरेजच्या कोपऱ्यात टाकला, म्हणून त्याच्यावर तेल नाही, धूळ आहे. दोन्ही तोंडांवर कुबड्यांचे बूट चढवून तारेने आवळले. शिट्टी थांबली, दिवा विझला. पण इंजिनचा श्वास कोंडला. आठ दिवस दाब वाढत गेला आणि काल पुलावर सील फुटलं. मग संध्याकाळी बूट निघाले, तडकलेला पाईप परत लोंबता आला.

मॅडमनी बूट उचलून बघितला. "आणि ही तारेची खूण?"

"तीन वेढे, शेपूट आत. असं दोघंच करतो. वस्ताद आणि मी."

वस्ताद शांत आवाजात म्हणाले, "मग तू केलं नसशील कशावरून?"

हाच प्रश्न. तिला माहीत होतं तो येणार. तो त्यांच्या तोंडून येऊ नये असं मात्र तिला शेवटपर्यंत वाटत होतं.

"कारण त्या मंगळवारी आणि बुधवारी मी इथे नव्हते. या स्कॅनरच्या वर्गाला गेले होते." तिने तक्ता पुढे केला. "वर्ग फोरमनसाठी होता. तुम्ही म्हणालात, माझ्या वयात कसला वर्ग, तू जा. रजेवर तुमचीच सही आहे. तुम्ही गेला असतात तर तुम्हाला कळलं असतं की दिवा विझला तरी नोंद विझत नाही. तुम्हाला वाटलं, दिवा गेला म्हणजे गोष्ट संपली."

वस्तादांनी तोंड उघडलं, पण आधी बोलले ते काका. भोंगा परत आला होता, सगळी खोली दणाणली. "चावी मी यांच्याच हातात दिली होती, मॅडम. आणि सोमवारी गाडीखाली तेलाचे डाग दिसले तेही यांना सांगितलं होतं. म्हणाले, बघतो. आता माझं काय करायचं ते करा."

मॅडम वस्तादांकडे वळल्या.

"तीन पेशंट बाहेर बसले होते," वस्ताद म्हणाले. "स्टोअरमध्ये पाईप नव्हता. म्हटलं, एका फेरीपुरतं. जुन्या गाड्यांना हे असलं काही होत नसे. धुराची नळी, बुजवली काय, उघडी ठेवली काय. मग एकातून दुसरं काम, राहून गेलं. आणि काल..." ते थांबले. "तीन आठवडे राहिले होते माझे."

"एका फेरीपुरतं मीही केलं असतं कदाचित," दहानंबर म्हणाली. "त्याबद्दल मी तुम्हाला एक शब्द बोलले नसते. पण तुम्ही मला त्या कागदावर सही करायला सांगितलंत. पोरी म्हणून हाक मारलीत आणि सही कर म्हणालात."

मॅडमनी घसा साफ केला. त्यांना समारंभाचा हॉल आठवला असावा. "आपण असं लिहू शकतो," त्या म्हणाल्या, "की पाईप जुना होता. कोणाचीच चूक नाही. तुमची नोकरी राहील, यांचा निरोपही नीट होईल. तुम्ही दोघंही त्यावर सही करा."

"नाही," दहानंबर म्हणाली.

"अहो, तुम्हाला हवं ते मिळतंय."

"मला हवं ते मिळत नाहीये. पाईपला तोंड नाही म्हणून त्याच्यावर ढकलायचं? उद्या दुसऱ्या गाडीत कोणी असंच बूच मारेल आणि तिथे आजी वाचणार नाहीत. खोट्या कागदावर सही करायची नाही म्हणून मी सकाळपासून उभी आहे. आता दुसऱ्या खोट्या कागदावर करू?"

वस्ताद उठले. टेबलाशी आले, सकाळचा कागद ओढला आणि त्यावरचं तिचं नाव एका रेघेत खोडलं. वर स्वतःचं लिहिलं. 'पाईप नीट बसवला गेला नाही' हेही खोडलं आणि बाजूच्या कोऱ्या जागेत सावकाश, शाळेतल्या मुलासारख्या अक्षरात, बूच मारल्यापासून ते काढल्यापर्यंत सगळं लिहिलं. सही केली. पेनला टोपण लावलं.

मग ते स्कॅनरकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी चष्मा लावून त्या पडद्याकडे नीट पाहिलं.

"यात सगळं राहतं?"

"राहतं."

"पुसता येतं का?"

"येतं. एक बटण दाबलं की जातं." दहानंबरने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा राग अजून गेला नव्हता आणि तो इतक्यात जाणारही नव्हता. "पुसू?"

वस्तादांनी खिशातून तारेचं वेटोळं काढलं आणि स्कॅनरच्या शेजारी ठेवलं.

"नको," ते म्हणाले. "पुढच्या माणसाचा हात फाटेल."